भरताचं वांगं आणि साडेपाचशे वॅट

पंधराएक दिवसांपूर्वी बाजारात भरताची वांगी आली. तशी वांगी बाजारात बारमाही असतात, पण मी म्हणतो ती वेगळी. ही हिरवी, पोटाकडे पांढुरकी, लहान मुलाच्या दंडाएवढी जाड. ती आली की जळगावात थंडी आली असं आम्ही धरतो. स्वेटर मागाहून निघतात. मग संध्याकाळी कॉलनीत कुठेतरी कपाशीच्या वाळक्या काट्या पेटतात, वांग्यांची साल तडतडू लागते आणि तो धूर न विचारता खिडकीतून घरात येतो. त्या वासानं लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी मात्र गेली चार वर्षं तो वास आला की खिडकी लावून घेत होतो.

मी मोजणी खात्यात भूमापक होतो. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत मिळून नोकरी झाली. दोन भावांच्या बांधावर उभं राहायचं, हद्दीच्या खुणा शोधायच्या, पंचांसमोर जबाब लिहून घ्यायचे. कुणी खोटं बोलायला लागला की त्याच्या पायाकडे बघायचं; खोटं बोलणारा माणूस मातीत अंगठा रुतवतो. अशा शेकडो अंगठ्यांच्या जोरावर मी लोकांच्या नोंदी दुरुस्त केल्या. माझ्या घरातली एक नोंद मात्र चुकीची लागली होती आणि ती मीच लावली होती. आता शहात्तरावं चालू आहे. फेरमोजणी झालेली बरी.

आधी वांग्याचं सांगतो, कारण गुन्ह्याचं मूळ तिथे आहे.

भरताचं वांगं निवडण्याचं शास्त्र एका ओळीचं आहे. दिसायला मोठं, हाताला हलकं. मोठं असून जड लागलं तर आत नुसत्या बिया. त्याचं भरीत दातात कचकचतं, कडवट लागतं आणि खाणारा यजमानाकडे बघतो. मोठं असून हलकं असेल तर आत लोण्यासारखा गर. एवढंच. पण हे हलकं म्हणजे किती हलकं, ते हातालाच कळावं लागतं, आणि माझ्या हाताला ते कळतं अशी माझी ख्याती होती. आमच्या कॉलनीत दर डिसेंबरात भरीत पार्टी होते, चाळीस-पन्नास माणसं, आणि वांगी आणायला मीच. दोन हातांत दोन वांगी घ्यायची, डोळे मिटायचे, एक परत ठेवायचं. भाजीवाल्या बायका कौतुकानं बघायच्या. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्यानं मुलीच्या साखरपुड्याला मला गाडी पाठवून नेलं होतं. जेवायला नव्हे, वांगी निवडायला. जेवण ओघानं झालं.

माणसाला एखाद्या गोष्टीत यश आलं की त्याला वाटतं, आपल्याला सगळंच कळतं. माझं डोकं तसं शाबूत होतं. माझ्या हाताला मात्र ग चढला होता.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझी नात तन्वी, आमची तनू, अकरावीत होती. तिला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा होता आणि तो विकत घ्यायचा नव्हता, जोडायचा होता. माझा मुलगा संदीप म्हणजे तिचा बाप. तो बँकेत आहे आणि घरातही बँकेतच असल्यासारखा बोलतो.

"जोडायचा म्हणजे? दुकानात तयार मिळत नाही का?"

"मिळतो पप्पा. पण चाळीस हजारांत तयार घेतला तर त्यांना जे खपवायचंय ते आत घालून देतात. मी निवडला तर एकेक भाग बघून घेता येतो."

"आणि जोडणार कोण?"

"मी."

संदीपनं चहाचा कप खाली ठेवला. "ठीक आहे. तूच जोडायचा, कुणाला बोलवायचं नाही. चालला, तर पुढे काय शिकायचं ते तुझ्या मनासारखं. नाही चालला, तर यंत्राबिंत्राचं खूळ डोक्यातून काढायचं."

तो सहज बोलला असेल. बाप लोक बरंच काही सहज बोलतात. तनूनं मात्र ते करारासारखं धरलं.

त्यानंतर दीड महिना आमच्या घरात एक वही फिरत होती. पहिल्या पानावर सात नावं, समोर किमती, खोडाखोड, बाण, पुन्हा खोडाखोड. मला त्यातलं काही कळेना, म्हणून एका दुपारी गच्चीत उन्हाला बसून तिनं मला समजावलं.

"आबा, लग्न समजा. प्रोसेसर म्हणजे नवरदेव."

"बरं."

"मदरबोर्ड म्हणजे मांडव. सगळे त्यातच बसतात. रॅम म्हणजे वाढपी, जितके जास्त तितकी पंगत लवकर उठते. एसएसडी म्हणजे कोठीची खोली. ग्राफिक्स कार्ड म्हणजे बँड. त्याच्याशिवायही लग्न लागतं, पण मजा नाही."

"आणि हे एसएमपीएस?"

"ते स्वयंपाकघर. सगळ्यांना वीज तिथून जाते. त्याच्याकडे कुणी बघत नाही, लोक तिथेच पैसे वाचवतात. आणि तिथे घोटाळा झाला ना आबा, की अख्खं वऱ्हाड उपाशी."

हे तिचे शब्द. मला स्वच्छ आठवतात. मला सांगितलं नव्हतं, असा बचाव माझ्याकडे नाही.

कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी, तिनं आधी काचेची निवडली होती. आत रंगीत दिव्यांचे तीन पंखे. मोबाइलवर ती पेटी ती मला रोज दाखवायची; स्थळाचा फोटो दाखवतात तसा. एक दिवस वहीत बघतो तर त्या पेटीवर काट आणि खाली साध्या काळ्या पत्र्याच्या पेटीचं नाव. मी विचारलं तर म्हणाली, "दिव्यांनी गेम पळत नाही आबा. ते पैसे एसएमपीएसला लावले." सतरा वर्षांची मुलगी हे बोलत होती. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला त्या काचेच्या पेटीचं वाईट वाटलं. सगळं रामायण त्या वाईट वाटण्यातून झालं.

बँडसाठी, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठी, आम्ही धुळ्याला गेलो. नवं कार्ड यादीत बसत नव्हतं. धुळ्यात एकाचा सायबर कॅफे बंद पडला होता आणि तो मशिनी सुट्या करून विकत होता. एसटीनं निघालो, पारोळ्याला चहा घेतला, तनूच्या मांडीवर वही. कॅफेवाला मोठा बोलका माणूस. मी धुळ्यात नोकरी केली आहे हे कळताच सरळ अहिराणीवर आला.

"आबा, कार्ड बठ्ठं बेस शे. दोन वरीस वापरं, एक दिन तरास नही."

मी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, वजन पाहिलं, वासही घेतला.

"आबा, ते वांगं नाहीये," तनू हळूच म्हणाली. "हुंगू नका."

कॅफेवाला हसायला लागला. "हुंगू दे वं माय. वासमा काय बिघडस?"

तिनं मात्र स्वतः ते कार्ड तिथल्या मशीनला लावून अर्धा तास गेम चालवला, आकडे वहीत लिहिले, पंख्याचा आवाज कान लावून ऐकला. मग म्हणाली, "घेऊ." परत येताना बसमध्ये ते कार्ड तिनं स्वेटरात गुंडाळून पोटाशी धरलं होतं आणि स्वतः कुडकुडत होती. मी माझी शाल दिली. ती शालही तिनं कार्डालाच गुंडाळली.

बाकी भाग जळगावात पारसभाऊंच्या दुकानातून घ्यायचे होते. पारसभाऊंच्या वडिलांचं वह्या-कागदांचं दुकान होतं; मोजणीच्या कामाचे कागद मी त्यांच्याकडूनच घ्यायचो. आता त्याच जागेत कॉम्प्युटर विकतात. तरी गल्ल्याच्या मागे बैठक तीच आणि गिऱ्हाइकाला पाणी विचारायची पद्धतही तीच. तनूनं वही उघडून एकेक नाव वाचलं आणि पारसभाऊ एकेक खोकं काढत गेले. "ताई, बरोबर निवडलंत," असं ते दोनदा म्हणाले. खरं म्हणजे तिथेच परीक्षा पास झाली होती. मग ती समोरच्या दुकानात वापरलेला मॉनिटर बघायला गेली आणि मी मागे राहिलो.

काउंटरवर तिचा एसएमपीएस होता, साडेपाचशे वॅटचा. मी सहज उचलला. हाताला वीट लागली. बाजूच्या फळीवर दुसरा होता. त्याचं खोकं याच्यापेक्षा मोठं, वर साडेसातशे लिहिलेलं आणि किंमत निम्मी. मी दुसऱ्या हातानं तो उचलला.

काय सांगू! हलका. फुलासारखा हलका. दिसायला मोठा, हाताला हलका. माझे डोळे आपोआप मिटले.

"पारसभाऊ, हा द्या. तो परत ठेवा."

पारसभाऊ दचकले. "आबासाहेब, हा लोकल आहे. ऑफिसच्या टायपिंगच्या मशीनला चालून जातो. गेमच्या कार्डाला नको. ताई म्हणते तोच राहू द्या."

"पारसभाऊ, या हातानं मी तीस वर्षं भरताची वांगी निवडली आहेत."

पारसभाऊंनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि साडेपाचशेचा डबा परत ठेवला.

"आणि जे पैसे वाचले, त्यात ती काचेची पेटी बसवा. दिव्यांची. आणि हा डबा आताच पेटीत बसवून द्या, पोरीचं तेवढं काम कमी होईल."

त्या पेटीत एसएमपीएस खाली, पत्र्याच्या आडोशाला जातो; एकदा बसला की त्याच्यावरचं नावही दिसत नाही. हे मला पारसभाऊ बसवत असताना कळलं, आणि मला बरं वाटलं. आपलं काय चुकलंय हे तेव्हा माहीत नव्हतं, पण झाकलं गेलं याचं बरं वाटलं. मोजणीच्या वेळी खुणेचा दगड हलवून वर माती ओढणारे लोक मी पाहिले होते. त्यांनाही असंच बरं वाटत असणार.

तनू परत आली आणि काचेची पेटी बघून तिनं दुकानात उडीच मारली. "आबा! ही तर मी खोडली होती!"

"पारसभाऊंनी भाव कमी केला," मी म्हणालो. पारसभाऊ घाईघाईनं बिलात डोकं घालून बसले.

रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिनं जोडायला घेतलं. दर वेळी भागाला हात लावायच्या आधी उठून बेसिनच्या नळाला हात लावून यायची. अंगातली वीज उतरवायची असते म्हणे. तिची आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "देवघरातसुद्धा एवढं सोवळं नसतं गं." प्रोसेसर बसवताना तिनं मला सांगितलं, "आबा, श्वास रोखा." मी रोखला. का रोखला, ते आजही माहीत नाही. मग रॅमच्या दोन पट्ट्या, मग ते धुळ्याचं कार्ड, मग वायरींचा गुंता. सगळ्यात मोठं, चोवीस पिनांचं कनेक्टर लावताना तिनं दोन्ही अंगठे टेकवले, ओठ दाताखाली धरला आणि दाबलं. टक असा आवाज झाला.

"ऐकलं का आबा? हा टक आला की पक्कं बसलं."

मी ऐकला. स्वच्छ ऐकला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे याचीच साक्ष लागणार आहे.

संध्याकाळी खाली मैदानात कॉलनीची भरीत पार्टी होती. मी सकाळीच वांगी निवडून दिली होती. खाली काट्या पेटल्या आणि वर आमच्या हॉलमध्ये तनूनं बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले, पडद्यावर अक्षरं आली. संदीपसुद्धा "अरे वा" म्हणाला, आणि संदीप "अरे वा" फार जपून वापरतो. तनूनं गेम लावला. बर्फाच्या रस्त्यावरून एक गाडी धावत होती. आम्ही जळगावची माणसं, आयुष्यात फक्त फ्रिजमधलं बर्फ पाहिलेली; तोंड उघडं टाकून बघत होतो. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. बर्फात एक मोठं वळण आलं, पंख्यांचा आवाज चढला, आणि फट् झालं.

पडदा काळा. दिवे बंद. पेटीच्या खालून धुराची एक बारीक, सरळ रेघ वर आली आणि जळक्या रबराचा वास हॉलभर पसरला. खिडकी उघडली तेव्हा खालून शेजारच्या बोरोलेनानांचा आवाज आला, "काय भो आबा, वर वेगळं भरीत लावलं का?"

खाली सगळे हसले. ते माझ्या वांग्यांचं भरीत खात होते आणि त्या वर्षी ते फार उत्तम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पेटी मीच पारसभाऊंकडे नेली. त्यांनी पत्र्याचा आडोसा काढला, वास घेतला, आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "आबासाहेब, मी बोललो होतो." एसएमपीएस जळाला होता आणि जाताना मदरबोर्ड आणि कार्ड घेऊन गेला होता. नवरदेव आणि वाढपी तेवढे वाचले. मग त्यांनी तो जळका डबा माझ्या एका हातात दिला आणि तनूनं निवडलेल्या कंपनीचा नवा डबा दुसऱ्या हातात. "आत तांबं असतं, आबासाहेब. गरम होऊ नये म्हणून जाड पत्रे असतात. यात जो जड, तो चांगला. हलका म्हणजे आत काही नाहीच."

आत काही नाही म्हणून वांगं चांगलं. आत काही नाही म्हणून डबा वाईट. तीस वर्षांचं शास्त्र एका वाक्यात उताणं पडलं.

घरी आलो तेव्हा ठरवलं होतं, सांगून टाकायचं. चपला काढत होतो तर आतून तनूचा आवाज. रडून घसा बसलेला. "माझंच चुकलं असणार पप्पा. ते चोवीस पिनांचं कनेक्टर नीट बसलं नसेल."

संदीपनं मला पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणाले पारसभाऊ? कनेक्टरच ना?"

मी म्हणालो, "हं."

एक अक्षर. नोकरीत पानंच्या पानं जबाब लिहिले. माझा स्वतःचा जबाब एका अक्षराचा. माझा अंगठा तेव्हा पायपुसण्यात रुतला होता, पण तो बघणारा भूमापक घरात मीच एकटा.

"हं" म्हटल्यावर वाटलं होतं, उद्या सांगू. उद्या संदीप शांत होईल. मग तिची परीक्षा आली, परीक्षेत कशाला? मग सुट्टी, सुट्टीत कशाला? गोष्ट सांगायला जेवढा उशीर होतो तेवढं त्या उशिराचंही कारण सांगावं लागतं, आणि ते कारण मूळ गोष्टीपेक्षा वाईट असतं. उरलेले भाग तनूनं बुटाच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकले. बारावीनंतर ती धुळ्याला फार्मसीला गेली. फार्मसी वाईट नाही. पण घरी आली की ती मिक्सरचं बटणसुद्धा आईला लावायला सांगायची. "मी हात लावला की धूर निघतो," असं हसत हसत म्हणायची. मग सगळेच म्हणायला लागले. कूलरची मोटर अडकली तर संदीप म्हणायचा, "तनूला लांब ठेवा." बोरोलेनाना गाडी सुरू करताना म्हणायचे, "तनूताई, दोन पावलं मागे व्हा." सगळे हसायचे, तीही हसायची. आणि मी मोठ्यानं हसायचो, कारण न हसणं संशयास्पद दिसलं असतं.

या वर्षी वांगी आली त्या शनिवारी तनू धुळ्याहून आली होती. तिच्या मोबाइलवर होस्टेलमधल्या मैत्रिणीचा फोन आला. मी शेजारी पेपर वाचत होतो. मैत्रिणीला कॉम्प्युटर जोडायचा होता आणि ती यादी करून मागत होती. तनू म्हणाली, "मला नको विचारूस गं. मला त्यातलं काही येत नाही."

येत नाही! जिनं मला नवरदेवापासून वाढप्यांपर्यंत अख्खं लग्न समजावलं होतं, ती. मी पेपर खाली ठेवला. रविवारी कॉलनीची पार्टी होती. सकाळी मी तिला म्हणालो, "चल, वांगी आणायला. पिशव्या जड होतात, मला एकट्याला झेपत नाही."

बाजारात ओळखीच्या मावशींसमोर ढीग होता. मी दोन वांगी दोन हातांत घेतली. डोळे मिटले. आणि डोळे मिटलेलेच ठेवून सगळं सांगितलं. डबा, काचेची पेटी, पत्र्याचा आडोसा, पारसभाऊ, तांबं, टक, हं. उघड्या डोळ्यांनी ते जमलं नसतं.

डोळे उघडले तर ती माझ्याकडे बघत नव्हती, वांग्यांकडे बघत होती.

"टक आला होता?" तिनं विचारलं.

"आला होता. मी ऐकला होता."

"म्हणजे मी बरोबर बसवलं होतं."

"एकदम बरोबर."

"चार वर्षं, आबा." आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. "चार वर्षं मी घरात साधा बल्ब बदललेला नाही. तुम्ही बघत होतात. तुम्ही हसत होतात."

माफ कर म्हणालो असेन. बाजाराच्या गलक्यात ते मलाच ऐकू आलं नाही.

मग तिनं माझ्या हातातली दोन्ही वांगी काढून घेतली आणि ढिगावर वाकली. एकेक वांगं उचलून हातात तोलू लागली. हलकं लागलं की परत. जड लागलं की पिशवीत. प्रत्येक जड वांगं पिशवीत टाकताना माझ्याकडे बघायची. मावशींना राहवेना. "ताई, ती बियाळ आहेत वं माय. आबांना विचारा ना."

"आबांना सगळं कळतं, मावशी. तुम्ही मोजा."

बारा किलो. पैसे मी दिले. पिशव्या खरोखरच जड झाल्या.

संध्याकाळी काट्या पेटल्या, साल तडतडली, ठेचलेल्या भरतात मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात पडली, पुऱ्या आल्या. पन्नास माणसांनी पहिला घास घेतला आणि मैदानात एकदम शांतता झाली. त्या शांततेत फक्त कचकच. जणू सगळी कॉलनी वाळू चावते आहे.

"आबा!" बोरोलेनानांनी दातातून बी काढून ताटाच्या कडेला लावली. "भो, हे काय? वांगी कोणी निवडली?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तीस वर्षांची ख्याती ताटात पडलेली. तनू समोरच्या रांगेत बसली होती. तिनं घास तोंडात धरून ठेवला होता.

"मी," मी म्हणालो. "हात गेला माझा."

लोक हळहळले. कुणी वयाबद्दल बोललं, कुणी डोळे तपासायला सांगितलं. संदीप म्हणाला, "आबा, पुढच्या वर्षी राहू द्या आता." मी मान हलवली. मला ते चवीला अगदी योग्य वाटत होतं. कडवट, पण योग्य.

"नाही," तनू म्हणाली. घास गिळून ती उठून उभी राहिली होती. "मी निवडली. मुद्दाम. आबा, तुम्ही परत खोटं बोललात."

"अगं पण..."

"आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवणं वाईट, आणि दुसऱ्याचं आपल्या नावावर घेणंही नको. खरं ते सांगा. सगळं सांगा."

मग मला पन्नास माणसांसमोर, हातात पुरी घेऊन, चार वर्षांपूर्वीचं सगळं सांगावं लागलं. वांग्याच्या शास्त्रानं विजेचा डबा निवडला इथे आलो तेव्हा बोरोलेनानांना ठसका लागला. बाकीचेही हसत होते. पण "हं"पाशी आलो तेव्हा हसणं थांबलं. संदीप ताटाकडे बघत बसला होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "म्हणजे हिचं कनेक्टर बरोबर होतं?"

"हिचं सगळंच बरोबर होतं."

त्यानं तनूकडे पाहिलं. बँकेतल्या माणसाला अशा वेळचे शब्द शिकवलेले नसतात. त्यानं तिच्या ताटातलं ते बियाळ भरीत स्वतःच्या ताटात ओढून घेतलं आणि खायला लागला. सगळं खाल्लं. मग पाणी पिऊन म्हणाला, "ते माळ्यावरचं खोकं उतरवतो उद्या. कूलरची मोटर पण अडकली आहे गं, बघतेस का जरा?"

"डिसेंबरात कूलर कशाला पप्पा?"

"असू दे. बघून ठेव."

रात्री ती माझ्या खोलीच्या दारात आली. राग गेला नव्हता. अजूनही पूर्ण गेला आहे असं मी म्हणणार नाही. म्हणाली, "हे लिहून द्या. तुमच्या खात्यात तोंडी चालत नव्हतं ना?" म्हणून हे लिहिलं.

परवा आम्ही पारसभाऊंकडे गेलो. नवी वही, नवी यादी. या वेळी कॅबिनेट साधी, काळ्या पत्र्याची. मला काउंटरपासून लांब स्टुलावर बसवलं होतं आणि हात मांडीवर ठेवायची सूचना होती. पारसभाऊंनी मला पाणी विचारलं, डबा दाखवला नाही. तनूनं मैत्रिणीसाठीही एक यादी तिथेच उभ्या उभ्या लिहिली आणि फोनवरून पाठवली.

निघताना रिक्षात सगळी खोकी मागे रचली. एसएमपीएसचं खोकं तेवढं तिनं उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. साडेपाचशे वॅट. वीट. स्टेशनाजवळचे खड्डे लागले तसे ते गुडघ्यांवर आदळू लागलं. वाटेत एका मैदानात काट्या पेटलेल्या होत्या, धूर रिक्षात आला.

"आबा, जड होतंय का?" तिनं विचारलं.

"होतंय."

"असू दे," ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

घर येईपर्यंत मी ते खाली ठेवलं नाही.